ब्रेकला किती वेळ द्यायचा

कितीताईंना ‘जरा थांबा’ म्हणायची सोय नव्हती. ‘जरा म्हणजे किती?’ हा प्रश्न आलाच म्हणून समजा. प्रश्नात खोच नसे, राग नसे. भाजीवाल्याने अर्धा किलो की पाव विचारावं तितक्या साधेपणाने त्या विचारत आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे बघत उभ्या राहत. कँटीनवाला, कुरिअरवाला, कारखान्याचे साहेब, यातून कोणाचीच सुटका नव्हती. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि ते असं चिकटलं की हजेरीपटावरचं खरं नाव वाचून नवी माणसं विचारत, ह्या बाई कोण आणि त्या बसतात कुठे?

कारखाना लिफ्टच्या पेट्या बनवायचा. पेटी म्हणजे माणसं जिच्यात उभी राहून वर-खाली करतात ती नव्हे. इमारतीच्या गच्चीवर एक खोली असते. तिच्यात मोटर, मोटरीवर ब्रेक आणि शेजारच्या भिंतीवर पत्र्याची एक करडी पेटी. मोटर कधी फिरवायची, ब्रेक कधी लावायचा, दार कधी उघडायचं, हे ठरवणारा छोटा संगणक त्या पेटीत बसलेला असतो. त्या संगणकाच्या अगदी गाभ्यात जो प्रोग्रॅम असतो त्याला कर्नल म्हणतात. तो जगभरच्या हजारो लोकांनी मिळून लिहिलेला, कोणीही घ्यावा आणि वापरावा असा. कारखाना तो घ्यायचा आणि त्याला मोटर, ब्रेक आणि दार यांच्याशी बोलता यावं म्हणून आपले चार तुकडे जोडायचा. हे तुकडे लिहिणाऱ्यांत कितीताई सगळ्यांत जुन्या. आणि तुकड्यांबरोबर जो मजकूर जातो, हे काय आहे आणि असंच का आहे हे सांगणारा, तो तर बहुतेक त्यांच्याच हातचा.

त्यांचा खास प्रांत म्हणजे वेळ. संगणकाला आणि माणसाला एक अडचण सारखीच असते, असं त्या म्हणत. समोरच्याला काम सांगितलं आणि त्याचं उत्तर आलं नाही, तर वाट किती बघायची? लवकर धीर सोडला तर धडधाकट माणसाला मेलेला ठरवाल. उशिरा सोडला तर मेलेल्याशी गप्पा मारत बसाल. ही जी धीर सोडायची वेळ, तिला त्यांच्या धंद्यात टाइमआउट म्हणतात. ब्रेकला सांगितलं लाग, दाराला सांगितलं बंद हो, की पेटी मनातल्या मनात मोजायला लागते, आणि ठरलेला आकडा संपला की म्हणते, संपलं, हा बिघडला. तो आकडा ठरवतो कोण? तर कोणीतरी, खुर्चीत बसून, चहा पिता पिता. पाचशे टाकले. नाही जमलं, हजार टाकले. उंटावरून शेळ्या हाकायचा हा प्रकार कितीताईंना अजिबात खपत नसे.

“गोल आकडा दिसला की मला संशय येतो,” त्या नव्या पोरांना सांगत. “खरं मोजलेलं कधी इतकं गोल निघतं का?”

म्हणून त्यांनी एक रिवाज पाडला होता. पेटीतल्या प्रत्येक वाट बघायच्या आकड्याला जन्मदाखला हवा. कोणी मोजलं, कुठल्या इमारतीत, किती वेळा, हवा थंड होती की गरम, सगळ्यांत लवकर किती आणि सगळ्यांत उशिरा किती. हे सगळं माहितीपुस्तकात त्या आकड्याखाली लिहायचं. नवीन इंजिनिअर रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याची रवानगी कुठल्यातरी लिफ्टसमोर स्टॉपवॉच घेऊन उभं राहायला होई. शिकून-सवरून हे काय नशिबी आलं, असं म्हणत ती पोरं जात आणि परत येताना मात्र त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असे. दार बंद होण्याच्या आकड्याखाली एकाने लिहून ठेवलं होतं, ‘सव्वाचार सेकंद ते सहा. सहा सेकंदांचं कारण, सायकल आत घ्यायची की नाही हे न ठरवता आलेले तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ.’ ताईंनी ते वाक्य तसंच छापलं. पुस्तक असं कंटाळवाणं नको की कोणी वाचणारच नाही, हे त्यांचं मत होतं, आणि खरंच त्यांचं माहितीपुस्तक लोक जेवणाच्या सुट्टीत वाचत.

कर्नलमधली एक गोष्ट त्या मन लावून सांगत. कर्नलच्या पोटात ठराविक अंतराने एक ठोका पडतो, आणि यंत्र सुरू झाल्यापासून किती ठोके पडले हे मोजणारा एक आकडा असतो. मोजता मोजता तो भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. हे व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. ज्यांनी त्या क्षणाचा विचारच केलेला नसतो त्यांचे प्रोग्रॅम तेव्हा कोलमडतात, आणि तोवर लिहिणारा दुसऱ्या नोकरीत सुखाने नांदत असतो. मग कोणीतरी डोकं चालवलं. मोजणी शून्यापासून सुरूच करायची नाही. आकडा भरायला पाच मिनिटं उरली आहेत, अशा ठिकाणाहून ती सुरू करायची. म्हणजे ज्याचं लिखाण कोलमडायचं ते यंत्र चालू केल्यावर पाच मिनिटांत, त्याच्या डोळ्यांदेखत कोलमडेल.

“ज्याला हे सुचलं तो माणूस काय असेल,” त्या म्हणत. देवळात गेल्यावरही त्यांचा चेहरा इतका भाविक होत नसे, असं त्यांच्या यजमानांचं म्हणणं.

यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. मुलगी कॉलेजात. घरातल्या घड्याळात आणि ताईंच्या बोलण्यात दोघांनाही कधी फट सापडली नाही. ‘पाच मिनिटांत येते’ असं त्या कधीच म्हणत नसत. ‘पाच मिनिटांच्या आधी येणार नाही’ असं म्हणत. कारण कर्नलमध्येही झोपलेल्या कामाला इतकंच वचन मिळतं. ठरल्या वेळेच्या आधी उठवणार नाही, पुढे किती उशीर होईल ते गर्दीवर. मुलगी लहानपणी शाळेत सांगायची, आमची आई कमीत कमी सहा वाजता येते. यजमान एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, “लग्नाला हो म्हणायला किती वेळ घेतला होतास, त्याचा दाखला असेल ना तुझ्याकडे?”

“अकरा दिवस,” ताई म्हणाल्या. “त्यातले चार तुमच्या चष्म्यामुळे.”

तर अशी ही बाई. आणि हिच्याच हातून ती गोष्ट घडली.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली होती. एका सकाळी लिफ्ट तपासणी कार्यालयातून पत्र आलं. एका आठ मजली इमारतीची लिफ्ट तीन महिन्यांत पाच वेळा अडकली होती, पाचही वेळा भल्या सकाळी, दिवसाच्या पहिल्या फेरीला. लिफ्ट मजल्यावर नीट पोचायची, पण ब्रेक लागल्याची खात्री झाल्याशिवाय पेटी दार उघडत नाही, आणि ती खात्री होतच नव्हती. पाचव्या खेपेला एक निवृत्त शिक्षिका पन्नास मिनिटं आत कोंडून राहिल्या. चौथ्या मजल्यावर, स्वतःच्या घरापासून सात पावलांवर. तक्रार झाली. ब्रेकची देखभाल करणाऱ्या लिफ्ट मिस्त्रीचा परवाना तात्पुरता काढून घेतला होता, आणि आता कायमचा रद्द करायचा का, याची सुनावणी पुढच्या आठवड्यात होती.

मिस्त्रीच्या विरुद्ध साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे पेटी. अडकली की पेटी स्वतःच्या नोंदीत एक वाक्य लिहायची. पाचही वेळा तेच. ‘ब्रेक ३०० मिलिसेकंदांत लागला नाही.’ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आता चांगला ब्रेक शंभर-सव्वाशेत लागतो. तीनशे उलटून गेले तरी लागत नसेल तर तो घाण झालाय किंवा नीट कसलेला नाही, आणि दोन्ही पापं मिस्त्रीचीच. कार्यालयाला कारखान्याकडून एवढंच हवं होतं, की या वाक्याचा अर्थ हाच ना? असल्यास सही-शिक्क्यानिशी कळवावे.

“करून टाका सही,” साहेब म्हणाले. “वाक्य सरळ आहे.”

“वाक्य माझंच आहे,” कितीताई म्हणाल्या. “म्हणून बघून येते.”

“आता काय बघायचं त्यात?”

“ब्रेक,” त्या म्हणाल्या. साहेबांनी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता ताई त्या इमारतीच्या गच्चीवर पोचल्या. मशीनरूमच्या दाराशी मिस्त्री उभा होता. पन्नाशीचा, सडपातळ, नखं स्वच्छ. बोटांवर इतकं ग्रीस जिरलेल्या माणसाची नखं स्वच्छ असणं सोपं नसतं, हे ताईंनी लगेच टिपलं. परवाना नसताना यंत्राला हात लावायचा नाही म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले होते आणि ताईंना तोंडानेच सांगत होता, हा स्क्रू, नाही बाई, त्याच्या खालचा.

ताईंनी ब्रेकच्या स्विचला आपल्या मोजणीयंत्राच्या दोन तारा जोडल्या. जोडता जोडता विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? ब्रेक उशिरा लागतोय?”

“सहा महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर छातीवर हात ठेवून नाही म्हटलं असतं,” तो म्हणाला. “आता मी काही बोलत नाही.”

“का?”

“पेटीत आकडा आलाय ना.”

खोली इतकी गार होती की ताईंना हातमोजा काढून बटण दाबवेना. त्यांनी लिफ्ट पहिल्यांदा खालून वर आणली. मोटर थांबली, ब्रेक खट्‌कन लागला. मोजणीयंत्रावर आकडा उमटला, एकशे चौतीस. आणि भिंतीवरच्या पेटीत लाल दिवा लागला. ब्रेक ३०० मिलिसेकंदांत लागला नाही.

ताईंनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. यंत्र म्हणतंय एकशे चौतीसमध्ये लागला. पेटी म्हणतेय तीनशेमध्येही लागला नाही. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. त्यांनी पेटी पूर्ववत केली आणि लिफ्ट पुन्हा फिरवली. एकशे एकोणतीस. पुन्हा लाल दिवा. पुन्हा फिरवली. आता ब्रेक थोडा ऊब धरू लागला होता. एकशे सतरा. दार निमूट उघडलं. त्यानंतर त्यांनी आणखी सदतीस वेळा लिफ्ट वर-खाली केली. ब्रेक लवकर लवकर लागत शेवटी शहाण्णववर आला आणि दार एकदाही अडलं नाही.

मिस्त्री प्रत्येक फेरीला आकडा विचारायचा आणि पुटपुटत पाठ करायचा. ताई मात्र तिसऱ्या फेरीपासून मनात हिशोब मांडत होत्या. एकशे सतराला दार उघडतं, एकशे एकोणतीसला नाही. म्हणजे पेटी मधे कुठेतरी धीर सोडतेय. म्हणजे एकशे वीसच्या आसपास. तीनशे नव्हे, एकशे वीस. आणि हा आकडा मनात आला तसं एकशे वीस म्हणजे चार गुणिले तीस, हे त्यांना ताबडतोब कळलं. उरलेल्या सदतीस फेऱ्या त्यांनी केल्या त्या केवळ, आपण चुकलो असू तर बरं, या आशेने.

झालं होतं ते असं. कर्नलचा ठोका किती वेळाने पडावा हे पेटी बनवणारा ठरवू शकतो. कारखान्याच्या पेट्यांत पहिल्यापासून सेकंदाला शंभर ठोके पडायचे, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी एक. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मोटर जास्त गुळगुळीत चालावी म्हणून ते सेकंदाला अडीचशे केले, म्हणजे दर चार मिलिसेकंदांनी एक. या बदलाने कोणाचं काही बिघडायचं कारण नव्हतं. कर्नलच्या पुस्तकात स्पष्ट सांगितलंय, ठोके मोजून वाट बघू नका. तुम्हाला किती मिलिसेकंद हवेत तेवढं सांगा, त्याचे ठोके करायचं काम आमच्यावर सोडा. कारण पावलं मोजून अंतर सांगितलं तर पाऊल कोणाचं, मोठ्या माणसाचं की पोराचं, हा प्रश्न येतोच. हे वाक्य कितीताईंनी गेली कित्येक वर्षं प्रत्येक नव्या माणसाच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

त्यांनी मशीनरूममधल्या लाकडी खोक्यावर बसून लॅपटॉप उघडला आणि ब्रेकचा तुकडा काढला. वर त्यांच्याच हातचा खुलासा होता, ‘ब्रेक लागायला तीनशे मिलिसेकंद पुरेत.’ आणि त्याच्याखाली खरा हुकूम, तीस ठोके वाट बघ. नुसते तीस. अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात लिहिलेले. तोवर त्यांनी लिफ्टचा ब्रेक डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. तीनशे कुठून आणले होते, हे आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. बहुतेक कुठूनच नाही. गोल आकडा होता.

आणि पुढे सगळ्या आकड्यांचे जन्मदाखले गोळा करताना हा कसा सुटला? लोकांच्या ओळी त्यांनी भिंगाखाली धरल्या. या ओळीवरूनही त्यांची नजर दहा-वीस वेळा तरी फिरली असेल. पण वरचा खुलासा स्वतःच्या हातचा. आपण काय लिहायला बसलो होतो हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे आपण काय लिहिलं हे वाचलंच जात नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ठोका बदलला तेव्हाही ज्या सहकाऱ्याने सगळे तुकडे तपासले, तो इथे आला, वर ताईंचा खुलासा पाहिला आणि विश्वासाने पुढे गेला. आणि पेटी जे वाक्य छापायची, ‘३०० मिलिसेकंदांत लागला नाही’, तेही ताईंनीच लिहून ठेवलेलं. पेटीने मोजलं काहीही असो, बोलायची ती हेच.

“काय निघालं?” मिस्त्रीने विचारलं.

“तुमचा ब्रेक चांगला आहे,” ताई म्हणाल्या. “आमची पेटी घाई करतेय. तीनशे सांगून एकशे वीसलाच धीर सोडतेय. अकरा वर्षांपूर्वी मी न मोजता आकडा लिहिला, आणि लिहिला तोही चुकीच्या मापात.”

मिस्त्रीने ब्रेककडे पाहिलं, मग पेटीकडे. “बरं,” तो म्हणाला. बस्स, तेवढंच. आणि जिना उतरताना त्याने सवयीने मशीनरूमचं दार दोनदा ओढून बघितलं.

कारखान्यात साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. साहेब काही वाईट माणूस नव्हते. सत्तर घरं त्या कारखान्यावर चालत होती आणि त्यांना ती सत्तर माणसं नावानिशी ठाऊक होती.

“अशा पेट्या किती?”

“नवा ठोका घातलेल्या एकशे दहा. बाकीच्यांच्या खोल्या एवढ्या गार नाहीत, म्हणून त्या अजून अडकल्या नाहीत.”

“मग सोपं आहे. आज दुरुस्त करा, या आठवड्यात सगळीकडे बदलून टाकू. थंडीतही अडकणार नाही. सुंठेवाचून खोकला गेला.”

“आणि मिस्त्री?”

“त्याच्यासाठी मी शब्द टाकतो. तपासणी कार्यालयात माझ्या ओळखी आहेत. समज देऊन सोडतील.”

“शब्द टाकून परवाना मिळेल,” ताई म्हणाल्या. “पण समज कशाबद्दल देणार? त्याने काही केलेलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यातली नुसती फाशी माफ.”

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. “ताई, सरकारी कागदावर एकदा लिहून दिलं की आमची पेटी चुकली, की ते पुसता येत नाही. आणि पेटीचं सोडा. तुमच्या नावावर लोक आपला माल घेतात. मोजून लिहिणाऱ्या बाई म्हणून. झाकली मूठ झाकलेलीच बरी.”

“मुठीत मिस्त्री आहे, साहेब.”

ठोका बदलणारा सहकारी संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी आला. उंच, वाकून बोलणारा, भला माणूस. “ताई, ठोका मी बदलला. अर्धी चूक माझी, असं लिहा.”

“तू पाटी वाचलीस,” त्या म्हणाल्या. “पाटी खोटी मी लिहिली. जा घरी.”

घरी जेवायला बसेपर्यंत यजमानांना सगळं सांगून झालं होतं. त्यांनी पोळी मोडली आणि हलकेच विचारलं, “नाव जाईल तुझं?”

“जाईल.”

“किती?”

मुलीने हसू दाबलं. ताईंनाही हसू आलं, आणि मग हसता हसता डोळ्यांत पाणी. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोजल्या, आपली मोजायची वेळ आली तर नावाची काळजी पडली, याची त्यांना लाज वाटत होती. ती लाज त्यांनी लपवली नाही, म्हणूनच ही बाई मोठी. पत्र त्यांनी जेवणानंतर लगेच, त्याच टेबलावर बसून लिहिलं. दीड पान झालं. चाळीस फेऱ्यांचे चाळीस आकडे त्यात होते.

साहेबांनी सकाळी ते वाचलं आणि एकाच शब्दावर पेन ठेवलं. ‘चूक’ खोडून ‘विसंगती’ केलं. ताईंनी विसंगती खोडून पुन्हा चूक केलं. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, पुटपुटले, “तुम्हाला नोकरीवर ठेवलं तेव्हाच मला कळायला हवं होतं,” आणि खाली सही ठोकली.

सुनावणी एका लांबट खोलीत झाली. एका टोकाला तपासणी अधिकारी, दुसऱ्या टोकाला खुर्चीच्या कडेवर बसलेला मिस्त्री, आणि भिंतीलगत इमारतीतली पाच-सहा माणसं. त्यांत त्या निवृत्त शिक्षिकाही होत्या. त्यांची नजर मिस्त्रीवरून हलत नव्हती, आणि तीत माया अजिबात नव्हती.

ताईंनी उभं राहून पत्र वाचलं. ठोका म्हणजे काय ते पावलांचं उदाहरण देऊन सांगितलं. आकडे सांगितले. अधिकारी मधेच म्हणाले, “म्हणजे तुमच्या पेटीने पाच वेळा खोटं सांगितलं?”

“पेटीला जे लिहून दिलं ते ती बोलली,” ताई म्हणाल्या. “लिहून मी दिलं होतं.”

“तुम्ही म्हणजे, ते माहितीपुस्तक लिहिणाऱ्या?” अधिकाऱ्यांच्या समोरच ते पुस्तक होतं. खुणेच्या चिठ्ठ्या लावलेलं, वापरून मऊ झालेलं. “आम्ही हे इथे नव्या माणसांना वाचायला देतो.”

“हो. त्यात हा एक आकडा न मोजलेला आहे. सदोष मजकुराची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. सुधारलेला मजकूर जोडला आहे.”

ताईंना आपले कान तापल्याचं जाणवत होतं. अधिकाऱ्यांनी चाळीस आकड्यांवरून बोट फिरवलं, पहिल्या तीन ओळींवर ते थांबलं, आणि मग त्यांनी चष्मा काढून मिस्त्रीला परवाना परत करायला सांगितलं. काम अर्ध्या तासात उरकलं. शिक्षिका जाता जाता मिस्त्रीपाशी थांबल्या, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेल्या.

ताई बाहेर आल्या तेव्हा मिस्त्री व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. परवाना मांडीवर होता, पण तो त्याकडे बघत नव्हता. ताई त्याच्या शेजारी बसल्या.

मग त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. कानाच्या डॉक्टरचा होता. दोन्ही कानांचे आलेख, आणि खाली शेरा, श्रवणशक्ती उत्तम.

“तिसऱ्यांदा अडकली तेव्हा गेलो होतो,” तो म्हणाला. “घरी सांगितलं नाही. बावीस वर्षं मी ब्रेक कानाने लावतोय. आवाजावरून कळतं, वेळेत लागला की नाही ते. आणि मला तर तो वेळेत लागल्याचंच ऐकू येत होतं.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“विशीतल्या पोरासारखे कान आहेत म्हणाले.”

“मग?”

“मग काय, मला वाटलं त्यांचंच मशीन बिघडलंय.” तो थोडा हसला. “तुमच्या पेटीत आकडा होता ना, बाई. दर वेळी तोच, तीनशे. म्हटलं, आकडा कशाला खोटं बोलेल? नंतर नंतर तर बायकोने हाक मारली तरी मी दोनदा विचारायचो, हाक मारलीस का म्हणून.”

ताईंनी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. आत त्यांनी जबाबदारी घेतली होती, सदोष मजकूर म्हटलं होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. पण ते सगळं पेटीबद्दल होतं. या माणसाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

“चुकलं माझं, दादा,” त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांचा त्यांनाच नीट कळला नाही.

मिस्त्रीने त्यांच्या हातून कागद घेतला, त्याच चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

“ऐकू आलं,” तो म्हणाला.